डावीकडं पाणी, उजवीकडं विहीर

फोन दिनकरच्या नंबरवरून होता, म्हणूनच मी तो दोनदा उचलला नाही. गणपती उठून दोन दिवस झाले होते. छापखान्यात दूध संस्थेच्या वार्षिक अहवालाची घाई होती, आणि चेअरमनसाहेबांचा फोटो संचालकांच्या फोटोपेक्षा नखभर बारीक आला म्हणून त्यांचा माणूस माझ्या डोक्याशी येऊन बसला होता. टेबलावर फोन थरथरत होता आणि मी नुसता बघत होतो. अकरा महिने आमचं बोलणं नव्हतं. अकरा महिने मी वाट बघत होतो, की हा माणूस कधीतरी नमतं घेईल... आणि आता घेतोय म्हटल्यावर मला त्याला जरा ताटकळत ठेवायचं होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला आणि म्हणालो, "काय दफेदार, आलं का गाडं रुळावर? उतरला का राग?" पलीकडून दिनकरच्या मुलाचा, संजयचा आवाज आला. "काका, संजय बोलतोय. आप्पा गेले सकाळी." मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. चेअरमनचा माणूस "मग फोटो मोठा करताय ना?" म्हणत होता, ते मात्र आठवतंय.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. खुर्चीत बसलो की उठतो, उठलो की मशिनपाशी जातो, मशिनपाशी गेलो की कशाला आलो ते विसरतो. पस्तीस वर्षांत जेवढ्या चुका प्रुफात राहिल्या नसतील तेवढ्या या महिन्यात राहिल्या. मुलगा म्हणतो, "अण्णा, चार दिवस घरी थांबा." घरी थांबून काय करू? ड्रॉवर तर इथंच आहे. त्या ड्रॉवरमध्ये दिनकरच्या हातची दोन पानं आहेत, फुलस्केप, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. ती छाप म्हणून तो मला सांगून गेला होता आणि मी ती छापली नाहीत. ज्याला हा लेख कंटाळवाणा वाटेल त्यानं इथंच थांबावं, कारण पुढं सांगायचं आहे ते सगळं या दोन पानांबद्दलच आहे.

दिनकर माणदेशातला, दहिवडीच्या अलीकडच्या एका लहान गावचा. चोवीस वर्षं फौजेत रणगाडा चालवला, दफेदार म्हणून निवृत्त झाला. मी सांगलीचा, गावभागात आमचा छापखाना. जातीनं जैन. आमच्या घरात पाणी गाळून पितात आणि संध्याकाळनंतर ताट वाढत नाहीत. असल्या माणसाचा नि रणगाड्यांचा काय संबंध? पण निवृत्तीनंतर वर्षभरात हा गडी खांद्याला पिशवी लावून माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "रणगाड्याचं पुस्तक छापता का?" मी म्हणालो, "आम्ही लग्नपत्रिका छापतो." तर म्हणतो, "मग चालतंय की. त्यात बी लढाईच असती." पिशवीतून त्यानं चार वह्या काढल्या. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एका जर्मन सेनापतीचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'याचा शोध.' ते नाव मी इथं देणार नाही. दिलं की लोक मोबाइलवर फोटो शोधतात, त्याच्या टोपीचा नि गॉगलचा रुबाब बघतात, आणि मूळ गोष्ट राहते बाजूला.

गोष्ट दिनकरच्या वडिलांची. दुसऱ्या महायुद्धात ते पायदळात होते. लिबियाच्या वाळवंटात त्यांची तुकडी जर्मनांच्या हाती सापडली. तारेच्या कुंपणात, उन्हात, तीन दिवस. पाण्याचा थेंब नाही. तिसऱ्या दिवशी एक उघडी मोटार येऊन थांबली. आतला अधिकारी उतरला, इंग्रजीत काहीतरी विचारलं. वडिलांना इंग्रजी कुठलं यायला? त्यांनी नुसता हात पुढं केला. त्या माणसानं कमरेची बाटली काढली आणि त्यांच्या हातात दिली. वडिलांनी एक घोट घेतला आणि बाटली शेजारच्याला दिली, त्यानं एक घोट घेऊन पुढं दिली... चौदा माणसं प्याली. बाटली फिरून परत हातात आली तेव्हा मोटार धुळीत निघून गेली होती. ती बाटली, वर लोकरीचं कापड नि चामड्याचा पट्टा असलेली, वडिलांनी इटलीतल्या कैदेत सांभाळली आणि गावाकडं आणली. घराच्या दाराशी खुंटीला लावली. रोज सकाळी ती भरायची आणि वाटसरूनं त्यातलं पाणी प्यायचं, असा त्यांनी नेम घालून दिला. माणमध्ये उन्हाळ्यात दारात भरलेलं पाणी असणं म्हणजे काय, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगून कळायचं नाही. वडील म्हणायचे, "त्या सायबानं पानी पाजलं म्हनून ह्यो वंश हाय."

मी दिनकरच्या घरी गेलो की तो पहिलं काम एकच करायचा. बाटली काढून माझ्यापुढं धरायचा. "पितोस का अण्णा?" मी म्हणायचो, "चामडं आहे त्याला. शिवाय पाणी गाळलेलं नाही." मग तो मोठ्यानं बायकोला हाक मारायचा, "अगं, सांगलीच्या शेटला तांब्याला फडकं लावून पानी आन, ह्येंच्या पोटात किडा गेला तर पाप लागंल." तीस वर्षं ही थट्टा चालली आणि तीस वर्षं मी त्या बाटलीतलं पाणी प्यालो नाही.

तर त्या मोटारीतला साहेब कोण, हे हुडकायचं दिनकरनं मनावर घेतलं. वडिलांना दोनच गोष्टी सांगता येत होत्या: टोपी कशी होती, आणि मोटारीच्या दारावर विळ्यासारखी एक खूण होती. कुठल्या डिव्हिजनची खूण, त्या आठवड्यात ती डिव्हिजन कुठं होती, तिचा कमांडर कोण, असं करत करत दिनकर एका नावापाशी पोचला. नोकरीच्या गावी लायब्ररीत त्या माणसाचा फोटो सापडला, त्याची नक्कल काढून रजेवर आल्यावर वडिलांपुढं धरली. "ह्योच का?" वडिलांनी पुष्कळ वेळ बघितलं आणि म्हणाले, "टोपी तीच हाय." बस, एवढ्यावर! मी दिनकरला कैकदा म्हणालो, टोपीवरून माणूस ओळखणारा तूच बघितला. तो चिडायचा. "टोपी, खूण, तारीख. तीन गोष्टी जुळल्या म्हंजे कोर्टात बी चालतंय."

फोटो त्यानं बाटलीच्या वर खिळ्याला लावला आणि रजा संपवून निघून गेला. पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याची नवी बायको, हिराबाई, खंडेनवमीची पूजा मांडत होती. विळा, खुरपं, कुदळ, सासऱ्यांचं पदक, ती बाटली... सगळ्यांना हळदकुंकू झालं. वर बघते तर साहेबाचा फोटो. वंश ज्याच्यामुळं राहिला तो हाच, एवढं तिला सासऱ्याकडून माहीत होतं. तिनं त्याच्या कपाळालाही बोट टेकवलं आणि झेंडूचा हार घातला. दिनकर पुढच्या रजेवर आला तर हिटलरच्या फौजेतला सेनापती कपाळाला कुंकू लावून भिंतीवरून बघतोय. मला हे सांगताना तो हसून हसून खोकायला लागायचा. त्यानं फोटो पुसायला घेतला तर वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. खुरप्याला चालतं, त्याला का चालंना?" तेव्हापासून चाळीस वर्षं दर खंडेनवमीला त्या जर्मनाला कुंकू लागलं. गावातल्या पोरांना तो दिनकरचा आजोबाच वाटायचा.

पुस्तक लिहिणं म्हणजे टेबल-खुर्ची, असं काही दिनकरचं नव्हतं. घरामागं सपाट जागा होती तिथं तो खडूनं नि राखेनं नकाशा काढायचा, मक्याचे दाणे म्हणजे रणगाडे, ज्वारीची ताटं म्हणजे नद्या. मी गेलो की मला उन्हात उभा करून साहेबाची सगळी कारकीर्द चालवून दाखवायचा. पहिल्या महायुद्धात हा साहेब घोडदळात पोरगेला अधिकारी होता, हरून घरी आला. मग जर्मनांना रणगाडे ठेवायला बंदी, तर हे लोक साध्या मोटारींवर पुठ्ठ्याची नि कापडाची खोकी चढवून कवायत करायचे. "बेंदराला बैल सजवत्यात तसं बघ." पुढं फ्रान्समध्ये हा इतका पुढं गेला, की वरून थांबायचा हुकूम आला तरी वायरलेस बिघडलाय म्हणून सांगितलं. इथं दिनकर डोळा मिचकावायचा, "वायरलेस लय सोयीचा असतो गड्या." मग रशियातला पहिला हिवाळा, तेल गोठलं, रणगाड्यांच्या पोटाखाली जाळ करून इंजिनं चालू करावी लागली. मग आफ्रिका, डिव्हिजनचा प्रमुख म्हणून. वाळू, पेट्रोलची वानवा, जिंकलेलं गाव पुन्हा हरणं, शेवटी कावीळ होऊन विमानानं परत. एकदा आम्ही चहाला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर कोंबड्यांनी अख्खी डिव्हिजन खाल्लेली. दिनकर ओरडत त्यांच्यामागं धावला. "आगं, आजून माघार व्हायची हाय त्यांची!" हिरावहिनी दारातून म्हणाल्या, "आवं, त्यास्नी कुठली माघार? पोटात गेली की सगळी."

माघारीपर्यंत मात्र तो कधी फारसा यायचा नाही. आफ्रिका झाली की वही मिटायचा. मी विचारायचो, पुढं काय झालं तुझ्या साहेबाचं? "परत रशियात धाडला. मागं हटत हटत आला. पकडला गेला, चौकशी झाली, सुटला. म्हातारपणी सफरचंदाच्या बागंत मेला." एवढं चार वाक्यांत उरकायचा. मला वाटायचं, हरलेल्याच्या कहाणीत याला रस नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हातात नवा मोबाइल आला. कॅमेरा धरला की परक्या भाषेतला मजकूर मराठीत दाखवतो तसला. साहेबाच्या हाताखालच्या डिव्हिजनांचे जुने कागद आता इंटरनेटवर आहेत म्हणे. हा पंचाहत्तरीला टेकलेला माणूस सकाळपासून गोठ्याच्या सावलीत बसून एकेक पान मोबाइलनं वाचायला लागला. एके दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "अण्णा, ह्यो मोबाइल हिरी म्हनतोय." मला काही कळेना. "कसल्या हिरी?" "हिरी रं, पान्याच्या. बुजवा म्हनतोय."

त्यानं आधी मोबाइललाच दोष दिला. मग पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना ते पान पाठवलं. त्यांनी कळवलं, विहिरीच. हुकूम रशियातला, असा होता, की माघार घेताना शत्रूसाठी मागं काही ठेवायचं नाही: धान्य न्यायचं, गुरं न्यायची, घरं पेटवायची, आणि गावातल्या विहिरी बुजवायच्या. खाली सही. ज्या हातानं बाटली काढून दिली त्याच हाताची. दिनकरनं त्या दिवशी फोटो खिळ्यावरून उतरवला. संध्याकाळी हिरावहिनींनी तो परत लावला. त्याला कारण काय सांगितलं असेल? "चाळीस वर्सं कुकू लावलंय. उतरून ठिवायचा कुठं? देव असता तर मानगंगंला सोडला असता, पन मानगंगंला तरी पानी कुठं हाय?" मला हे सांगताना तो हसला नाही. म्हणाला, "अण्णा, आमच्याकडं भाऊबंदकीत डोकी फुटत्यात, खून पडत्यात. पन दुष्मनाची हीर कुनी बुजवत न्हाई. हीर बुजवनाऱ्याच्या घरात आमी पोरगी देत न्हाई. आन माझ्या बापानं ह्येचं नाव घेऊन घास खाल्ला."

तरी पुस्तक ठरलं. मीच मागं लागून ठरवलं, हे कबूल करतो. वह्या तीस वर्षं पडून होत्या, आम्ही दोघंही जायच्या वयाचे. सगळा मजकूर टाइप करून, पानं लावून तयार केली. नाव 'पाणी पाजणारा शत्रू', मुखपृष्ठावर बाटलीचं चित्र. तालुक्यातल्या माजी सैनिकांनी गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला प्रकाशन ठरवलं, मंडप, हार, बाटलीची पूजा. दहा दिवस आधी दिनकर सांगलीला आला. पिशवीतून दोन पानं काढून माझ्या टेबलावर ठेवली. "हे घालायचं. पान्याचं पान डाव्या अंगाला घे आन ह्ये उजव्या अंगाला. समोरासमोर. पुस्तक मिटलं की दोनी पानं एकमेकावर पडली पायजेत."

मी उभ्या उभ्या वाचलं. पहिल्या पानावर तो हुकूम होता. तो येणार हे मला ठाऊक होतं. दुसरं पान मात्र त्याचं स्वतःचं होतं. एकाहत्तरच्या लढाईत सीमेपलीकडच्या एका गावातून त्यांचे रणगाडे चालले होते. गल्ली अरुंद. वळताना याच्या रणगाड्याचा पट्टा विहिरीच्या कठड्यावर चढला. कठडा ढासळला, रहाट आत गेला, पाठोपाठ अर्धी विहीर. गाव रिकामं झालं होतं, एक म्हातारी तेवढी कळशी घेऊन भिंतीला चिकटून उभी होती. मागं रांग होती, थांबायचा हुकूम नव्हता. दिनकरनं लिहिलं होतं, 'मुद्दाम केलं नाही. पण त्या म्हातारीला ते कुठं माहीत? साहेबानं हुकूम काढून बुजवल्या, मी न काढता एक बुजवली. त्याचं लिहायचं तर माझंही लिहिलं पाहिजे. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.'

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "दोन पानं मध्ये घुसवली की पुढची दीडशे पानं सरकतात, दिनकर. अनुक्रमणिका बदलायची, सगळं पुन्हा लावायचं, दहा दिवसांत होत नाही." खोटं होतं ते. एका दिवसाचं काम. खरं म्हणजे मी घाबरलो. मंडपात गावचे सगळे माजी सैनिक बसणार, याचा पोरगा फौजेत, आणि त्या दिवशी या माणसानं उभं राहून सांगायचं, की आमच्या घरात पुजलेला असा होता आणि मीही... मी म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या आवृत्तीत बघू." तो म्हणाला, "मूठ कुनाची झाकतोस, माझी का तुझी?" मग माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, "चाळीस वर्षं देव केलास आणि आता तुला तुझ्या पापाला सोबत पाहिजे म्हणून त्याला धरलास." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय, कारण ते माझं आहे आणि मला ते बदलता येत नाही. दिनकरनं पिशवी खांद्याला लावली. पानं उचलली नाहीत. म्हणाला, "ठिव तुज्याकडं. ज्या दिवशी छापशील त्या दिवशी फोन कर." प्रकाशन रद्द झालं. तब्येतीचं कारण सांगितलं लोकांना.

अकरा महिने. रोज सकाळी ड्रॉवर उघडायचा, पानं बघायची, ड्रॉवर लावायचा. दिवाळीला फोन करीन म्हणालो, संक्रांतीला तिळगूळ पाठवीन म्हणालो. मला वाटायचं, तोच करील. तोच का करील? तो तर सांगून गेला होता, कधी फोन करायचा ते. एवढी साधी गोष्ट मला त्याची चिता विझत आली तेव्हा त्याच्या रानात उभं राहून कळली. पोचायलाही उशीर झाला मला. मायणीच्या पुढं एसटी बंद पडली होती. मी चुकलो दिनकर. जिवंतपणी म्हणायला पाहिजे होतं, ते आता छापून म्हणतोय.

तेराव्याला संजयनं मला बाजूला घेतलं. "काका, आप्पांचं पुस्तक तुमच्याकडं तयार आहे ना? आहे तसंच काढू या. खंडेनवमीला नुसतं घरात पूजा करून चार लोकांना देऊ. माझी रजाही तोवर संपतीय." आहे तसंच. म्हणजे ती दोन पानं सोडून. त्या पानांचं त्याला काही ठाऊक नव्हतं, वहिनींना तर नव्हतंच. मी मान हलवली आणि सांगलीला आलो. मशिन तयार, कागद आलेला. छापून दिलं असतं तर जन्मात कुणाला कळलं नसतं, आणि एका मेलेल्या माणसाचं नावही चांगलं राहिलं असतं. आठ दिवस मी मशिनभोवती फेऱ्या मारल्या. कामगार विचारायचे, "अण्णा, लावू का?" मी म्हणायचो, "थांब." नवव्या दिवशी मी ती दोन पानं स्वतः टाइप केली, एका बोटानं. चौऱ्याऐंशीवर पाणी होतं, डावीकडं. त्याच्या समोर पंच्याऐंशीवर विहिरी घेतल्या, दोन्ही. पुढची दीडशे पानं सरकवली. दुपारच्या चहाच्या आत झालं.

पण छपाईला लावलं नाही. खंडेनवमीला पुस्तकं न नेता त्या दोन पानांचं प्रूफ तेवढं घेऊन गेलो. वर्षाच्या आत त्या घरात सण नव्हता. तरी खुरपं, विळा, कुदळ पाटावर मांडलेली होती. वहिनी म्हणाल्या, "खुरप्याला कसलं सुतक?" फोटो खिळ्यावर होता, कुंकू नव्हतं. बाटली दाराच्या खुंटीलाच होती. मी सवयीनं तिच्याकडं बघितलं, तर वहिनी म्हणाल्या, "रिकामी हाय भावजी. तुमच्याकडनं आलं त्या दिवशी वतून टाकली त्यांनी. मला बी भरू दिली न्हाई. वरीस झालं, दारात पानी न्हाई आमच्या." मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हणालो, "वहिनी, दिनकरनं काही लिहून ठेवलंय. छापायच्या आधी तुम्ही ऐकायला पाहिजे. नको म्हणालात तर नाही छापणार." त्यांना मोतीबिंदूमुळं वाचता येत नाही. संजय उंबऱ्याशी उभा होता. मी आधी डावं पान वाचलं, वडिलांचं, ते त्यांना पाठ होतं. चौदा माणसं प्याली, इथं माझ्याबरोबर त्यांचेही ओठ हलले. मग उजवं पान. हुकूम. मग अरुंद गल्ली, कठडा, रहाट, म्हातारी. 'हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही' या ओळीशी मी आलो तेव्हा संजयनं माझ्या हातातून कागद घेतला आणि उरलेलं त्यानं वाचलं.

वहिनी पाटावरच्या खुरप्यावर हात ठेवून बसल्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून नळ येईपर्यंत दीड कोसावरून डोक्यावर पाणी आणलेलं ते शरीर. त्यांनी विचारलं, "मग त्या बाया पान्याला कुठं गेल्या?"

"कुठल्या बाया वहिनी? त्या रशियातल्या..."

"दोनी गावच्या. हीर बुजल्यावर पान्याला कुठं गेल्या?"

मी संजयकडं बघितलं. त्यानं कागद उलटा करून बघितला, जणू मागं काही असेल. "पुस्तकात ते नाही, वहिनी," मी म्हणालो.

"त्यास्नी बी ठावं नव्हतं?"

"नाही."

"चाळीस वर्सं वाचत व्हते की," वहिनी म्हणाल्या, आणि मग डोळ्यांना पदर लावला. दिनकर गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या असं संजय मला नंतर म्हणाला.

मी खिशातलं पेन काढलं आणि प्रुफावर, उजव्या पानाच्या तळाशी, त्यांचा प्रश्न लिहिला. त्या म्हणाल्या, "काय लिवलं?" मी सांगितलं, "तुमचं विचारणं." "ते कशाला? ते काय लढाईतलं हाय व्हय?" मी म्हणालो, "छापू ना पण, वहिनी?" "छापा की. लिवलंय त्यांनी, मग छापा." संजयनं कागदाची नीट घडी करून माझ्या हातात दिली. "आहे तसंच छापा, काका," म्हणाला. त्याच्या बोलण्यात या खेपेला ती दोन पानं धरलेली होती.

वहिनी उठल्या. खुंटीवरची बाटली काढली, चुलीतल्या राखेनं तोंड घासलं, तीनदा विसळली, माठातलं पाणी भरलं. खुंटीला परत लावायला गेल्या आणि मग थांबून ती माझ्यापुढं धरली. "गाळायला फडकं आनू?" मी नको म्हणालो. चामड्याचा पट्टा हाताला लागला, तो इतका मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. मी एक घोट घेतला आणि बाटली पुढं संजयकडं दिली.